आलं का?

उसाला रात्रीचं पाणी द्यायचं असलं की माझी जागा ठरलेली. शेवाळी बॅटरी हातात, पायात अण्णांच्या जुन्या चपला, आणि सरीच्या खालच्या टोकाला उभं राहायचं. अण्णा वर पाटावर खोरं घेऊन. आमच्या वाळव्याकडं याला दारं धरणं म्हणतात. वरून एका सरीचं तोंड उघडायचं, पाणी सरीनं खालपर्यंत आलं की ते बुजवायचं आणि पुढचं मोडायचं. पण खालपर्यंत आलं हे वरच्या माणसाला कसं कळणार? मध्ये डोक्याएवढा ऊस, वर काळोख. म्हणून अण्णा हाळी द्यायचे, "आलं का रं?" पाणी पायाला लागलं असेल तर मी ओरडायचो, "आलं!" लागलं नसेल तर गप्प राहायचो. गप्प राहणं हेही उत्तरच होतं. अण्णा थोडं थांबून पुन्हा विचारायचे. दोन-तीनदा विचारूनही मी बोललो नाही की ते समजायचे, मध्ये कुठंतरी पाणी फुटलं आहे.

पुढं पोटापाण्यासाठी मी जे शिकलो, त्याचा पहिला धडा हाच होता. तो धडा आहे हे कळायला मात्र पंधरा-सोळा वर्षं गेली.

१९९६ साली इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा हातात घेऊन मी सांगलीत एका छोट्या फर्ममध्ये लागलो. पगार महिना बाराशे. फर्म म्हणजे दोन खोल्या, चार माणसं आणि आमचे सर. सर मूळचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीतले. वयाची चाळिशी उलटल्यावर ते संगणकाकडं वळले आणि स्वतःच्या बळावर सगळं शिकले. आम्ही सहकारी बँका, पतसंस्था, दूध संघ यांच्या कचेऱ्यांत संगणक एकमेकांना जोडून द्यायचो. डिप्लोमाच्या पुस्तकात नेटवर्कवर एक धडा होता. त्यात तीन आकृत्या होत्या: चांदणी, कडं आणि एक आडवी रेघ. परीक्षेत त्या आकृत्या काढून मी गुण मिळवले होते, पण रेघेतून नेमकं जातं काय, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात सरांनी ती रेघ माझ्या हातात दिली. काळी, करंगळीपेक्षा बारीक, टीव्हीच्या अँटेनाच्या वायरसारखी दिसणारी कोअॅक्शियल केबल. मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर विणलेली जाळी आणि सगळ्यावर काळं आवरण. ही एकच केबल भिंतीच्या कडेनं पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत जायची. प्रत्येक संगणकामागं इंग्रजी टी अक्षरासारखा एक जोड असायचा. एका बाजूनं केबल आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, आणि पोटाकडून संगणकाच्या कार्डात. एका पट्ट्याची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त ३० जोड, दोन जोडांत निदान अर्धा मीटर अंतर. आणि केबलच्या दोन्ही टोकांना, जिथं पुढं काहीच नाही तिथं, एकेक छोटी टोपी. तिचं नाव टर्मिनेटर. आत ५० ओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा भाग, एवढंच.

ही टोपी मला काही केल्या पटत नव्हती. पुढं जायचंच नाही, तर टोपी कशाला? पण ती काढली की सगळं नेटवर्क बंद पडायचं. शेवटच्याच टेबलाचं नव्हे, सगळ्यांचं. पहिल्या आणि दुसऱ्या संगणकामधली तार धडधाकट असूनही ते दोघं एकमेकांशी बोलेनासे व्हायचे.

सर म्हणाले, "मीटर लाव. मधली पिन आणि बाहेरची कडी. पंचवीस आले का?" आले. दोन्ही टोकांचे पन्नास-पन्नास समांतर जोडले गेले की पंचवीस. एक टोपी काढली तर पन्नास. याचा अर्थ एवढाच, की खोलीतल्या कुठल्याही टेबलाशी उभं राहून दोन्ही टोकं जागेवर आहेत की नाहीत ते कळतं. हे मला भारी वाटलं. पण पंचवीस का हवेत, हे अजून कळलं नव्हतं.

आज असं काही अडलं की माणूस फोन काढतो. तेव्हा आमच्याकडं सरांच्या लोखंडी कपाटात नॉव्हेल नेटवेअर या नेटवर्क चालवणाऱ्या प्रोग्रामची लाल पाठीची मॅन्युअल होती, तीही सगळी इंग्रजीत. मी मराठी माध्यमातला. वाक्य वाचता यायचं, अर्थ मात्र निसटायचा. मी दोनशे पानी वही घातली. डाव्या पानावर मॅन्युअलमधला शब्द, उजव्या पानावर तो मला कळला तसा. शब्दकोशातून उतरवलेले अर्थ फार दिवस टिकले नाहीत. रिफ्लेक्शनपुढं मी 'परावर्तन' लिहिलं आणि पुढं गेलो. जे मला आधीच कळत नव्हतं, तेच मी दुसऱ्या भाषेत लिहून ठेवलं होतं.

त्या शनिवारी घरी गेलो. जेवताना अण्णांनी विचारलं, "काय काम करतोस रं तिथं?" आणि मी टोपीची अडचण सांगून बसलो. अण्णा सातवी शिकलेले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "त्या वायरीतनं जे जातंय ते वाहतंय न्हवं?" मी म्हटलं, हो, तसंच समजा. "मग टोकाला जिरायला पायजे की. आपल्या सिमेटच्या पाटाचं शेवटचं दार फळी लावून बंद असताना वरनं एकदम पाणी सोड, काय हुतंय? लाट जाऊन फळीवर आपटती आन् माघारी येती. वरची दारं फुटत्यात तिनं. शेवटाला एक वाफा मोकळा ठेवला की गुमान जिरतंय."

मी हातातला घास तसाच धरून बसलो होतो. केबलचा स्वभाव ५० ओहमचा. टोकाला ५० ओहमच असले तर येणाऱ्या लाटेला केबल संपली हे कळतच नाही. ती सरळ त्या रेझिस्टरमध्ये शिरते आणि उष्णता होऊन जिरते. टोपी नसली तर लाट आपटून माघारी फिरते, मागून येणाऱ्या लाटेत मिसळते आणि दोन्हींचा चिखल होतो. संगणकाच्या कार्डाला त्या चिखलातून काहीच वाचता येत नाही. म्हणून सगळे गप्प. वहीत 'परावर्तन' खोडून मी लिहिलं: फळीवर आपटून माघारी आलेली लाट. टर्मिनेटरपुढं लिहिलं: शेवटचा मोकळा वाफा.

त्यानंतर दर शनिवारी मी घरी काहीतरी घेऊन जाऊ लागलो.

मार्च १९९७ मधली एक गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. तालुक्याच्या गावातली एक सहकारी बँक. जानेवारीत आम्ही तिथं सात संगणक जोडले होते. खातेवह्यांची नुकतीच संगणकावर बदली झाली होती आणि लोकांचा त्यावर अजून भरवसा नव्हता. अशात रोज दुपारी दोनच्या सुमाराला नेटवर्क बंद पडू लागलं. पडद्यावर एररची ओळ यायची आणि खाली प्रश्न: अबॉर्ट की रिट्राय? काउंटरवरच्या मॅडम आरचं बटण दाबत बसायच्या आणि समोर पासबुक घेतलेल्या माणसांची रांग दारापर्यंत जायची. साडेचार-पाचला ते आपोआप सुरू व्हायचं. मार्चअखेर जवळ आलेली.

मी दोन दिवस सकाळी जाऊन मीटर लावला. पंचवीस. सगळं चालू. एक कार्ड बदललं, दोन टी बदलले आणि परत आलो. दुपारी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊनच गेलो आणि टेबलाजवळ मीटर धरून बसून राहिलो. दोन वाजून दहा मिनिटांनी काटा पंचवीसवरून उडाला आणि पन्नासवर जाऊन थांबला. टोप्या दोन्ही जागेवर होत्या. म्हणजे मधेच कुठंतरी केबल तुटली होती, आणि ती फक्त दुपारी तुटत होती.

सात टेबलं, पोटमाळ्यावरून गेलेली केबल, आणि समोर रांग. पहिल्या टेबलापासून एकेक जोड उघडत निघालो असतो तर संध्याकाळ झाली असती आणि तोवर ते आपोआप सुरूही झालं असतं. मला एकदम दंडावरची, म्हणजे विहिरीवरून शेताला येणाऱ्या पाटावरची, एक रात्र आठवली. मी आठवी-नववीत असेन. विहिरीवरून पाणी सुटलेलं, पण शेताला पोचत नव्हतं. मी वरून दंडाच्या कडेकडेनं बॅटरी मारत निघालो. अण्णांनी मला थांबवलं. ते तडक मधल्या आंब्यापाशी गेले आणि दंडात हात घातला. पाणी होतं. म्हणजे वरचा अर्धा दंड चांगला. मग तिथून खालच्या अर्ध्याच्या मधोमध. तिथं कोरडं. असं करत चौथ्या ठिकाणी आम्ही एका खेकड्याच्या बिळापाशी पोचलो. त्यातून सगळं पाणी ओढ्याला चाललं होतं.

मी चौथ्या टेबलापाशी केबल सोडवली आणि तिथं खिशातली जादा टोपी लावली. सर्व्हरकडचे, म्हणजे मुख्य संगणकाच्या बाजूचे, चारही संगणक तत्काळ सुरू झाले. वरचा दंड चांगला. निदान चार मॅडमचं काम तरी चालू झालं आणि रांग हलली. मग सहाव्या टेबलाशी. दहा मिनिटांत मी पोटमाळ्यावर होतो, तापलेल्या पत्र्याखाली, जिथं केबलचे दोन तुकडे जोडले होते. कनेक्टर हातात धरून हलकंच ओढला आणि मधली पिन तारेसकट बाहेर आली. पिन नीट दाबली गेलीच नव्हती. थंडीत ती कशीबशी टेकून राहिली होती. मार्चच्या पत्र्याखाली प्लास्टिक मऊ पडलं की तार केसभर मागं सरायची आणि संध्याकाळी पुन्हा टेकायची.

जानेवारीत तो कनेक्टर मीच क्रिम्प केला होता.

खाली येऊन मॅनेजरसाहेबांना तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, शिपायाला चहा आणायला सांगितला. सरांना संध्याकाळी सांगितलं. त्यांनी कपाटातून दहा कनेक्टर काढून माझ्यापुढं ठेवले. "करून ठेव. प्रत्येक ओढून बघ. सुटला तर फेकून दे, दुरुस्त करत बसू नकोस." त्या रात्री दहातले तीन सुटले. त्यानंतर मी केलेला प्रत्येक जोड ओढून पाहिला. आजही पाहतो.

अण्णांशी सर्वांत जास्त वाद झाला तो पाळीवरून. एका केबलवर तीस संगणक, आणि एका वेळी एकालाच बोलता येतं. "मग पाळी कोण लावतो?" त्यांनी विचारलं. कुणीच नाही, मी म्हणालो. ज्याला बोलायचंय त्यानं आधी कान द्यायचा. केबल शांत असली तर बोलायचं. दोघांनी एकदमच सुरुवात केली तर दोघांनीही थांबायचं आणि मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा पाहायचं. पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मर्यादा दुप्पट, पुन्हा झाली तर आणखी दुप्पट. सोळा वेळा जमलं नाही तर नाद सोडायचा. या सगळ्याचं माप ५१.२ मायक्रोसेकंदांचं, म्हणजे आपल्याला वाटतं की कुणी थांबलंच नाही.

अण्णांना हे अजिबात रुचलं नाही. पाणीपुरवठा संस्थेच्या पाळीपत्रकावर त्यांचं आयुष्य गेलेलं. "पाळी न्हाई तिथं कुऱ्हाडी निघत्यात," ते म्हणाले. मग मी त्यांना आयबीएमच्या टोकन रिंगची गोष्ट सांगितली. तिथं एक चिठ्ठी फिरते, ती ज्याच्या हाती तोच बोलतो, बोलून झालं की पुढच्याला देतो. अण्णांचा चेहरा खुलला. "हे बेस हाय. हे का न्हाई लावत तुम्ही?"

महाग पडतं, एवढंच उत्तर माझ्याकडं होतं. खरं उत्तर पुढं वाचनातून सापडलं. पाळीशिवाय बोलण्याची ही रीत आली हवाईच्या बेटांवरून. १९७१ साली तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओनं जोडली होती, आणि ज्याला जेव्हा बोलायचंय त्यानं तेव्हा बोलावं, टक्कर झाली तर पुन्हा पाठवावं, असा नियम ठेवला होता. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी तेच तारेवर आणलं, आणि बोलण्याआधी व बोलताना कान देण्याची शिस्त घातली. इथरनेट ते हेच. चिठ्ठी हरवली तर काय, चिठ्ठीवालाच झोपला तर काय, या काळज्या त्यात नाहीत. आणि जग त्याच वाटेनं गेलं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "पाणी मोप असंल तर पाळी लागत न्हाई. पाळी कमतरतेची असती." पुढं स्विच नावाचे डबे आले, प्रत्येक संगणकाला आपापली स्वतंत्र तार मिळाली आणि टकरी संपल्या. तेव्हा मला हे वाक्य आठवलं. माझ्या वहीत ते १९९७ च्या पावसाळ्यातल्या पानावर आहे.

इंटरनेट त्या दिवसांत आमच्यासाठी सरांनी जपून ठेवलेल्या एका कात्रणापुरतं होतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये सर्वांसाठी खुलं केलं होतं. चित्रांसकट पानं दाखवणाऱ्या खात्याला २५० तासांचे १५,००० रुपये, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. माझा वर्षाचा पगार होता १४,४००. सांगलीहून एसटीडी लावायचा खर्च वेगळाच. आम्ही ते कात्रण वाचायचो आणि पुन्हा कपाटात ठेवायचो.

पण १९९८ मध्ये आमच्याच पट्ट्यात एक मोठी गोष्ट घडली. वारणानगरच्या सहकारी समूहाभोवतीची कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकांनी जोडायची योजना केंद्र आणि राज्य सरकारनं घेतली. माझ्या मामांचं गाव त्या बाजूला. मामांसारख्या माणसाला बाजारभावांपेक्षा एकच माहिती हवी असायची: आपला ऊस काट्यावर किती भरला आणि बिल कधी. त्यासाठी सायकल मारत कारखान्यावर जावं लागायचं. गावातल्या केंद्रात बसलेल्या पोरानं बटणं दाबून त्यांचं वजन सांगितलं, तेव्हा मामा म्हणाले, "पोरा, परत एकदा वाच." त्यांनी तीनदा वाचून घेतलं. नंतर काही वर्षांनी, २००६-०७ च्या सुमाराला, बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथं पाहिलं की केंद्रांतल्या संगणकांवर मुख्यतः उसाचीच माहिती जाते-येते, आणि तेवढ्यासाठी साधा मोबाईल आणि एसएमएस पुरतो. काही गावांत त्यांनी तसं करूनही दाखवलं. हे वाचून मला आधी वाईट वाटलं. संगणक गावात येणं हे माझ्या पिढीचं स्वप्न होतं आणि कुणीतरी ते टेबलावरून उचलत होतं. पण मामांना संगणक कधीच नको होता. त्यांना वजन हवं होतं.

तोवर काळी केबलही गेली होती. आठ रंगीत तारांची नवी केबल आली आणि नेटवर्कच्या मधोमध हब नावाचा डबा बसला. एकाची तार सुटली तर आता फक्त तोच बंद पडायचा. तारांचा क्रम मी पाढ्यासारखा पाठ केला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एका दूध संघाच्या कचेरीत अशी पहिली जोडणी पुरी झाली. सर म्हणाले, "पिंग मार." मी काळ्या पडद्यावर पिंग लिहिलं, पुढं पलीकडच्या संगणकाचा आकडी पत्ता, आणि एंटर दाबलं. चार ओळी आल्या. चारदा विचारलं, चारदा उत्तर. मग सरांनी पलीकडची तार काढली. मी पुन्हा एंटर दाबलं. थांबलं. एक ओळ: उत्तर नाही. थांबलं. उत्तर नाही.

सर काहीतरी समजावून सांगत होते, हा छोटा प्रोग्राम माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिला, पाणबुडी शोधताना सोडतात त्या आवाजावरून त्याचं नाव पडलं. मला ते पुरतं ऐकू येत नव्हतं. मी सरीच्या टोकाला उभा होतो आणि वरून अण्णा विचारत होते. त्या दिवशी पिंगपुढं वहीत लिहायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही: आलं का रं? आलं.

आता मी पुण्यात असतो. ज्या नेटवर्कची देखरेख करतो, त्यातल्या बऱ्याच यंत्रांना मी कधी हातही लावलेला नाही. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि शेत सोडायला तयार नाहीत. थ्री-फेज वीज अजूनही रात्री येते, म्हणून मी विहिरीवरच्या मोटरीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवून दिला. घरून फोन लावायचा, पलीकडून बाई सांगते, मोटर चालू झाली आहे. मला वाटलं होतं, आता त्यांची रात्रीची फेरी वाचेल. वाचली नाही. "मोटर चालू झाली म्हंजी पाणी आलं असं हाय व्हय?" ते म्हणतात. "फूटव्हॉल्व्ह सुटला असंल. पाइप निसटली असंल. टोकाला कोण हाय सांगाय?" त्यांचं बरोबर आहे. माझ्याच धंद्यात, निरोप पाठवला आणि निरोप पोचला या दोहोंमधला फरक सांभाळायला केवढी यंत्रणा लागते, ते मी रोज पाहतो.

दिवाळीत घरी होतो. वीज सव्वाबाराला आली. अण्णांचे गुडघे आता पाटावर चढू देत नाहीत, म्हणून ते खाली सरीच्या टोकाला दगडावर बसले, अंगावर घोंगडं घेऊन. मी वर खोरं घेऊन. पहिली सरी मोडली, पाणी काळोखात आत शिरलं आणि दिसेनासं झालं. मी थोडा वेळ थांबलो.

"आलं का, अण्णा?"

काही नाही. उसाच्या पाल्याची सळसळ फक्त. मी आणखी थांबलो आणि पुन्हा विचारलं. मग पलीकडं बॅटरी एकदा लागली आणि विझली.

"आलं!"

मी ती सरी बुजवली आणि पुढची मोडली.